काही विशेष नाही, साळुंकी आहे

वसंत आला ही बातमी पुण्यात कोकिळाच्या आधी व्हॉट्सॲप देतं. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा लागला, की टेकडीवर फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर पहाटे साडेपाचला पहिला प्रश्न येतो, ‘पळस उघडला का?’ त्यावर कुणी ‘सिंहगड पायथ्याला उघडलाय’ असं कळवतो, कुणी ‘आमच्याकडे अजून कळ्याच’ अशी तक्रार करतो, आणि कुणी अर्धवट झोपेत नुसतेच हात जोडून मोकळा होतो. ग्रुपमध्ये नवीनच आलेल्या माणसाला वाटतं, पळस नावाचं नवं हॉटेल निघालं असावं. तो विचारतो, ‘पार्किंग आहे का?’ गंमत म्हणजे त्याला उत्तरही मिळतं. पार्किंग हा या छंदातला पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

वसंत म्हटलं की डोळ्यांसमोर हिरवळ आणि तिच्यावर फुलंच फुलं उभी राहतात, ती भिंतीवरच्या कॅलेंडरांच्या कृपेने. त्या कॅलेंडरांतला वसंत युरोपातला असतो. आपल्याकडे जमिनीलगतच्या फुलांचा हंगाम पावसाळ्यात. कासच्या पठारावर माणसांची रीघ लागते ती भाद्रपदाच्या सुमारास. फाल्गुन-चैत्रात वेताळ टेकडीवर जाल तर पिवळं पडलेलं गवत, सुटी खडी आणि कुसळं. ही कुसळं एकदा मोज्यांत शिरली की पुढच्या दिवाळीपर्यंत घरातल्या कुणालाही, कुठेही टोचू शकतात. फुलं असतात, नाही असं नाही. पण ती डोक्याच्या वर असतात. पळस, पांगारा, काटेसावर, गणेर ही मंडळी अंगावरची पानं झाडून टाकून फुलतात. मध्ये पानं येत नसल्यामुळे फुलं लांबून दिसतात, आणि लांबून दिसावीत ती पक्ष्यांना. आपल्यालाही दिसतात हा निव्वळ आपला फायदा. त्यामुळे आपल्याकडचा वसंत मान वर करून बघावा लागतो, आणि हंगामाच्या शेवटी निसर्गप्रेमींची खरी ओळख पटते ती फिजिओथेरपिस्टला.

या दिवसांत टेकडीवर एक झाड मात्र सगळ्यांना फसवतं. पानं गळलेली, फांदीफांदीवर फिकट गुलाबी फुलांचे घोस. पहिल्यांदा येणारी तरुण मंडळी हरखून ओरडतात, ‘अय्या, चेरी ब्लॉसम!’ मग झाडांची माहिती असलेले एक काका जागच्या जागी थांबतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, ‘उंदीरमारी.’ मध्य अमेरिकेकडून आलेलं, लवकर वाढतं म्हणून आपल्या टेकड्यांवर लावलेलं हे झाड. गिरिपुष्प हे त्याचं कागदोपत्री नाव. पण काका कधीही गिरिपुष्प म्हणत नाहीत. सेल्फी पूर्ण होईपर्यंत वाट पाहतात आणि मगच ‘उंदीरमारी’ म्हणतात.

या मंडळींत आडनावाला फारसा अर्थ नाही. माणूस ओळखला जातो तो लेन्सच्या आकड्यावरून. ‘सहाशे आले का?’ ‘सहाशे पुढे गेले, चारशे पार्किंगमध्ये आहेत.’ सहाशेंमध्येही दोन पोटजाती आहेत. एक, लाखभर रुपयांची झूम बाळगणारे. तिचं वजन दोन किलोच्या घरात, आणि हात थरथरायला लागला तरी ‘हलकी आहे हो’ असं म्हणायचा रिवाज. दुसरी जात दहा लाखांच्या वरच्या लेन्सवाल्यांची. ते कमी बोलतात, कारण त्या लेन्सची खरी किंमत घरी अजून सांगितलेली नसते. सत्तर-तीनशेवाल्याला प्रश्न विचारायची परवानगी असते, मत द्यायची नसते. मोबाइलवाल्यांना ‘या ना, तुम्हीपण या,’ असं प्रेमाने म्हणतात आणि पाण्याच्या बाटल्या त्यांच्याकडे देतात.

पोशाखाचंही एक शास्त्र आहे. पक्ष्यांना आपण दिसू नये म्हणून हिरव्या पानांची नक्षी छापलेलं जाकीट, तसलीच टोपी, तसलीच पँट, आणि लेन्सलाही तशाच कापडाचं आंगडं. फाल्गुनात सबंध टेकडीवर एवढी एकच हिरवी गोष्ट असते. ती खाणीपाशी उभी राहिली तर पाषाणवरून दिसते. पक्षी बुजत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. शिवाय या जाकिटाला सोळा खिसे आणि प्रत्येक खिशाला चरचरणारं वेल्क्रो. राखी तित्तर झुडपातून डोकं बाहेर काढतो त्याच क्षणी कुणाला तरी लेन्स पुसायचं कापड आठवतं. चर्र! तित्तर गेला. मग सगळे जण त्याला ‘शूऽऽ’ करतात, आणि उरलेसुरले पक्षी त्या ‘शूऽऽ’ने जातात.

वसंतात पक्ष्यांकडे लगीनघाई असते. नरांनी ठेवणीतले कपडे काढलेले असतात, गाणं-बजावणं चालू असतं, बिऱ्हाडासाठी जागा बघितल्या जात असतात, आणि अशा घाईत आपण गळ्यात कॅमेरे अडकवून हजर होतो. फोटोग्राफर म्हणून आपल्याला कुणी ठरवलेलं नसतं. मुलाकडचे समजतात हे मुलीकडून आले असतील, मुलीकडचे समजतात मुलाकडून. म्हणून पहिली पाच मिनिटं खपून जातं.

यातला नवरदेव बघायचा तर जांभळा शिंजीर. एरवी हा अंगठ्याएवढा पक्षी मळकट पिवळा, छातीवरून एक काळपट पट्टी उतरलेला, कुणी ढुंकून बघू नये असा. पण विणीचा हंगाम आला की अंगभर निळा-जांभळा, धातूसारखा चकचकीत. अडचण एवढीच, की ही चकाकी पिसांच्या रचनेतून येते आणि ऊन नेमक्या कोनातून पडलं तरच दिसते. डोळ्यांना लखलखीत दिसलेला शिंजीर फोटोत काळाकुट्ट येतो. पळसाच्या एका घोसापाशी त्याला नीट बघावं. पळसाची कळी मखमली, काळपट. फूल उमललं तरी देठाकडची ती काळी वाटी तशीच राहते आणि तिच्यातून शेंदरी पाकळ्या बाहेर वळतात. पाकळ्यांवर बारीक रेशमी लव असते, तिरप्या उन्हात ती रुपेरी दिसते. शिंजीर घोसाच्या खालच्या फुलाशी उलटा लटकतो, बाकदार चोच फुलाच्या बुडाशी घालतो, आणि डोकं बाहेर काढतो तेव्हा कपाळाला पिवळे परागकण चिकटलेले असतात. ते तसेच घेऊन दुसऱ्या फुलाकडे. पळसाला यापेक्षा जास्त काही नको असतं. हा सगळा व्यवहार दोन-तीन सेकंदांत आटोपतो. तेवढ्यात सहाशे विचारतात, ‘आयएसओ किती ठेवलाय?’

हल्लीच्या कॅमेऱ्यांना सेकंदाला वीस फोटो सहज काढता येतात. त्यामुळे पक्षी उडाला तरी बोट खाली राहतं. सकाळभरात तीन हजार फोटो होतात आणि त्यातले बरेचसे पक्षी नुकताच उडून गेलेल्या फांदीचे असतात. पळसाच्या रिकाम्या फांद्यांचा एवढा तपशीलवार संग्रह कुठल्या वनस्पतिशास्त्र विभागाकडेही नसेल. तरी कुणी विचारलं, की ‘एक रेकॉर्ड शॉट मिळालाय’ असं म्हणायचं. ज्या फोटोत पक्षी आहे हे फोटो काढणाऱ्यालाच सांगावं लागतं, त्याला रेकॉर्ड शॉट म्हणतात.

त्याच पळसावर भोरड्यांची टोळी उतरली की शिंजिराचं काही चालत नाही. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. मध्य आशियाच्या बाजूने हिवाळ्याला आलेल्या या मैना परतीला निघण्याआधी पळस-पांगाऱ्याचा मध पोटभर पिऊन घेतात, आणि पिताना एकमेकींशी इतकं भांडतात की निम्मी फुलं खाली पडतात. खाली उभे असलेले आपण ती लेन्सवरून झटकतो. दुसरीकडे तांबट. ‘पुक, पुक, पुक’ असा ठोका तासभर चालू ठेवतो. आवाजावरून वाटतं, हा काय इथेच आहे. पण बोलताना तो सारखी मान फिरवत असतो, त्यामुळे आवाज कधी या फांदीवरून येतो, कधी त्या फांदीवरून. अंग हिरवं, बसलेला वडाच्या हिरव्या पानांत. अकरा माणसं एका वडाकडे तोंड करून वीस मिनिटं उभी राहिली की येणारे-जाणारे नमस्कार करून जातात.

या सगळ्यात माणसाची दया येणारा पक्षी एकच, वेडा राघू. तारेवर नाहीतर काटकीवर बसतो, हवेत झेप घेऊन माशी पकडतो आणि परत त्याच काटकीवर येऊन बसतो. पकडलेली मधमाशी काटकीवर आपटून आपटून तिची नांगी निकामी करतो. तेवढ्या वेळात सत्तर-तीनशेवाल्याचाही फोकस लागतो. दर पावसाळ्यापूर्वी भरणाऱ्या छायाचित्र प्रदर्शनांत वेड्या राघूचे फोटो सर्वाधिक का असतात, याचं कारण एवढंच आहे. सौंदर्याचा प्रश्न नंतर. आधी तो जागेवर परत येतो.

फुलपाखरांच्या फोटोसाठी मात्र मानेऐवजी पोट लागतं. सकाळी ऊन अंगावर आल्याशिवाय फुलपाखरू उडू शकत नाही. आठ-साडेआठच्या सुमाराला ते पंख पसरून ऊन खात बसतं. हीच ती वेळ. वाकून गेलात तर तुमची सावली पडते आणि ते उडतं, म्हणून सरपटत जायचं. साठी उलटलेली, गुडघ्यांच्या डॉक्टरांनी मांडी घालायला मनाई केलेली माणसं एका एकदांडीच्या फुलापुढे पालथी पडलेली दिसतात. एकदांडी म्हणजे शाळेत असताना खरचटलं की चोळायचा तो दगडीपाला. हीसुद्धा अमेरिकेतून आलेली, बारमाही फुलणारी, जिच्याकडे पाहून ‘गवत आहे’ म्हणतात ती. पण टेकडीवर ओलावा संपला की फुलपाखरांचं दुकान हीच चालवते.

त्या फुलावर बहुधा प्लेन टायगर येतं. नारिंगी पंख, काळी किनार, टोकाला पांढरे ठिपके. त्याची अळी रुईची पानं खाऊन मोठी झालेली असते आणि रुईचं विष अंगात साठवून असते, म्हणून पक्षी याच्या वाटेला जात नाहीत. हे बघून डॅनाइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराच्या मादीने हुबेहूब हाच पोशाख शिवून घेतला आहे. विष नाही, नुसता पोशाख. त्याने पक्षी फसतात हे पुस्तकात आहे. ग्रुप ॲडमिन फसतात हे आम्ही पाहिलं आहे. फोटोखाली ‘आयडी प्लीज’ असं कुणी लिहिलं, की आधी तीन जण ‘प्लेन टायगर’ म्हणतात, मग एक कॉलेजातला मुलगा मागच्या पंखावरचे ठिपके मोजायला सांगतो, आणि मग दुपारपर्यंत कुणीही कुणाला ‘सुप्रभात’ म्हणत नाही.

आपल्या राज्याने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू ठरवलं. असं करणारं देशातलं हे पहिलं राज्य. निवड उत्तम, फक्त ती करताना फोटोग्राफरांचा विचार झालेला दिसत नाही. ते मोठं काळं-निळं फुलपाखरू मध पितानासुद्धा पंख फडफडवणं थांबवत नाही. त्यापेक्षा हळदीकुंकू बरं. पंख मिटून बसतं, आणि खालच्या बाजूचा पिवळा रंग, त्यावर लाल ठिपके असं सगळं दाखवतं. त्याच्या अळ्या बांडगुळावर वाढतात, त्यामुळे मादी बांडगूळ शोधत झाडाच्या शेंड्याशी फिरत असते. चैत्रात ‘हळदीकुंकवासाठी थांबलोय, उशीर होईल’ असा निरोप घरी पाठवणाऱ्या गृहस्थांना संध्याकाळी बरंच काही समजावून सांगावं लागलं, असं ऐकिवात आहे.

आणि मग ते चिखलपान. फुलपाखरू म्हणजे फुलावर, ही कवींची समजूत. कडक उन्हात दहा-पंधरा फुलपाखरं एकत्र बघायची असतील तर ओली माती, शेण किंवा एखाद्या म्हशीने नुकतीच मोकळी केलेली जागा शोधावी. तिथल्या क्षारांसाठी ती येतात. येणारे बहुतेक नर असतात, आणि यातले काही क्षार मीलनाच्या वेळी मादीकडे जातात. नवरीला आहेर म्हणून दिलेलं मीठ! बघणाऱ्याला यात एक अडचण येते. त्या जागेच्या कडेने चार सुशिक्षित माणसं नाक जमिनीला लावून आडवी पडलेली असतात, आणि ‘लाइट काय सुंदर आहे!’ म्हणत असतात. फोटो नंतर दिवाणखान्यात लागतो. पाहुणे विचारतात, ‘हे कुठलं?’ उत्तर मिळतं, ‘पश्चिम घाट.’

टेकडीवर केवळ चालायला येणारी माणसं या सगळ्याकडे समंजस संशयाने बघतात. त्यांचे प्रश्न ठरलेले. ‘बिबट्या दिसला का?’ नाही म्हटलं की पुढचा, ‘याचे पैसे मिळतात का?’ तेही नाही म्हटलं की ते सहानुभूतीने मान हलवून पुढे जातात. एकदा डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेल्या एका मावशींनी आमची सगळी फौज झुडपात वाकलेली पाहून विचारलं, ‘काय हरवलं का दादा?’ पक्षी बघतोय म्हटल्यावर त्यांनी मान न वळवता सांगितलं, ‘तो नाचरा ना? शेपूट पसरून उड्या मारतोय तो? तो रोजच असतो की हितं.’ आणि त्या निघून गेल्या. त्यावर सहाशेंनी कॅमेरा बंद केला. रोज असतो म्हणजे त्यात विशेष ते काय?

या छंदातला सगळ्यात जास्त वापरला जाणारा शेरा हाच. वळणावर दोन टोळ्या समोरासमोर येतात. ‘काय मिळालं?’ ‘काही विशेष नाही.’ मग काहीच नव्हतं का? होतं. बुलबुल होते, सातभाईंचं संमेलन होतं, कोतवाल होता, टिटवी ओरडत होती, शिक्रा येऊन गेला, दोन मोर होते, साळुंक्या तर होत्याच. पण ‘विशेष नाही.’ झुडूप हललं की वीस लेन्स वळतात. पुढचा माणूस दुर्बीण खाली घेतो आणि म्हणतो, ‘काही नाही, साळुंकी आहे.’ वीस लेन्स खाली. त्या साळुंकीला हे रोज ऐकावं लागतं. तपकिरी अंग, काळं डोकं, डोळ्यामागे पिवळी कातडी, उडताना पंखांत उजळणारा पांढरा पट्टा; हा पक्षी दूर कुठल्या बेटावर असता, तर याच माणसांनी विमानाची तिकिटं काढली असती.

विशेष मिळालं, की मग बघू नका. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेल्या जातीला ‘लायफर’ म्हणतात. तो मिळालेला माणूस फोटो टाकतो आणि खाली ठिकाण लिहितो, ‘पुणे परिसर’. पुणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ पंधरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे. तरी शनिवारी रात्री बाराला नेमकी जागा फुटते आणि रविवारी पहाटे त्या ओढ्याशी गाड्यांची रांग लागते. सिंहगडच्या पायथ्याशी उन्हाळ्याच्या तोंडावर स्वर्गीय नर्तक पाण्यावर येतो तेव्हा हे बघावं. पांढराशुभ्र नर, शेपटीला हातभर लांब दोन फिती. पाण्यात सूर मारतो आणि फांदीवर जातो. चाळीस कॅमेरे एकदम वाजतात. चाळीसही फोटोंत शेपूट फार सुंदर आलेली असते. पक्षी तेवढा फ्रेमबाहेर गेलेला असतो.

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. पुढचं येत नाही. विशेषाच्या हव्यासापायी काही जण मोबाइलवर त्या पक्ष्याचंच गाणं मोठ्याने वाजवतात. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून बिचारा चारा-पाणी आणि बिऱ्हाड सोडून भांडायला येतो. म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात जाऊन, ‘नवरा मुलगा मीच’ असं स्पीकरवरून जाहीर करायचं आणि वर खऱ्या नवऱ्याचा संतापलेला चेहरा टिपायचा. घरट्यांचं तर आणखी वाईट. फोटोत अडथळा येतो म्हणून समोरची डहाळी बाजूला केली, की ज्या पिलांना त्या डहाळीने ऊन आणि शिक्रा दोन्हींपासून लपवलेलं होतं ती उघडी पडतात. आपला फोटो होतो. कावळ्यालाही जागा कळते. चांगले फोटोग्राफर घरट्याचे फोटो काढत नाहीत, आणि दुसऱ्याने टाकले तर पसंतीचा अंगठा देत नाहीत. एवढा नियम पाळला तरी पुरे.

‘विशेष नाही’वाल्यांसाठी एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. भारताच्या पक्षीशास्त्रातलं सगळ्यात मोठं नाव सलीम अली. १९४१ साली आलेल्या त्यांच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ने कित्येकांना पक्षी बघायला शिकवलं. त्यांची सुरुवात कुठल्या दुर्मीळ पक्ष्यापासून झाली? तर चिमणीपासून. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. ही वेगळी कोण, हे विचारायला मुलगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेला. तिथले सचिव मिलर्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचं सांगितलं आणि संस्थेतला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला. पुढे १९८५ मध्ये आलेल्या आत्मचरित्राच्या शीर्षकातही त्यांनी ती चिमणीच ठेवली. ‘काही नाही, चिमणी आहे’ असं त्या दिवशी कुणी म्हटलं असतं आणि त्यांनी ते ऐकलं असतं, तर आपल्या हातात काय राहिलं असतं?

आणि आता तर साळुंकीची किंमत आकड्यांत मांडता येते. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स’चा २०२३ चा अहवाल ९४२ जातींचा आढावा घेतो, आणि तो उभा आहे तीस हजारांहून अधिक हौशी पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर केलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर. या नोंदी कुणाच्या? मुख्यतः विशेष नसलेल्यांच्या. कावळा, साळुंकी, बुलबुल, होला. ज्यांनी कंटाळा न करता ‘आज टेकडीवर साळुंक्या बारा’ असं लिहिलं, त्यांच्यामुळे कोणती जात टिकून आहे आणि कोणती हळूहळू कमी होतेय हे कळू शकलं. या अहवालात घटत चाललेल्यांमध्ये चास आहे. चास, म्हणजे नीलपंख. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो, शेताच्या तारेवर हमखास बसलेला, उडाला की निळाईचा झोत सोडणारा. एके काळी प्रत्येक गाडीतून दिसायचा आणि गाडीतल्या प्रत्येकाने त्याला ‘काही विशेष नाही’ म्हटलेलं असायचं. रोज असणारा पक्षी एक दिवस नसतो, आणि तो कधीपासून नाही हे सांगायला कुणाकडे तारीख नसते. मोळीवाल्या मावशींचं ‘तो रोजच असतो’ हे वाक्य म्हणजे एक उत्तम नोंद होती. आम्ही कॅमेरे बंद केले, पण लिहून मात्र घ्यायला हवं होतं.

फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस जगभर पक्षीगणना चालते, ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ नावाची. भारत २०१३ पासून तिच्यात आहे. नियम सोपे आहेत. किमान पंधरा मिनिटं एका जागी बघायचं, जे दिसेल ते सगळं मोजायचं. ‘सगळं’ यात सगळं आलं. गच्चीतून केलेलं चालतं. लेन्सची अट नाही. सहाशे असतील तर त्यांनाही येता येतं.

तेव्हा येत्या रविवारी टेकडीवर जा. जाकीट घरी ठेवा, आणि घातलंच तर खिसे घरूनच उघडे ठेवून निघा. पळसाखाली उभे राहा, एकदांडीपुढे आडवे व्हा, घरट्यापासून लांब राहा. फोटो हलला तरी काढा आणि पुसून टाकू नका. शिंजीर काळा आला तरी तो शिंजीरच आहे, आणि हललेल्या फोटोतली तारीख हललेली नसते. खाली जागा लिहा, वेळ लिहा, जमलं तर संख्या लिहा. वळणावर कुणी ‘काय मिळालं?’ असं विचारलं, तर सरळ सांगा, ‘साळुंक्या. बारा.’